विल्यम लायन मॅकेन्झी : छापखान्यातून टोरोंटोच्या महापौरपदापर्यंत

पोस्ट डिलीट होणं, अकाउंट बंद पडणं आपल्याला माहीत आहे. आज मी अशा माणसाबद्दल सांगतोय, ज्याचं अख्खं 'अकाउंट' लोकांनी उचलून पाण्यात फेकलं.

विल्यम लायन मॅकेन्झीचा जन्म १७९५ चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. १८२० मध्ये तो कॅनडात गेला आणि १८२४ मध्ये त्याने 'कलोनियल अ‍ॅडव्होकेट' हे वृत्तपत्र काढलं. थोड्याच काळात छापखाना यॉर्क गावी आला. यॉर्क म्हणजे आजचं टोरोंटो. तिथला कारभार मोजक्या घराण्यांच्या हातात होता आणि मॅकेन्झी त्यांना नावं घेऊन झोडपायचा.

आता थोडं तंत्र समजून घेऊ. तेव्हा प्रत्येक अक्षराचा धातूचा वेगळा खिळा असायचा. खिळे एकेक उचलून उलटे जुळवायचे, शाई लावायची, कागद दाबायचा. छपाई झाली की तेच खिळे परत आपापल्या खणात, पुढच्या अंकासाठी. (इंग्रजी मोठ्या अक्षरांची पेटी वर असायची, म्हणून आपल्या कीबोर्डवरचं 'अपरकेस'!) म्हणजे खिळे गेले की पेपर बंद.

८ जून १८२६ ला नेमकं तेच झालं. सत्ताधारी घराण्यांशी संबंधित तरुण दिवसाढवळ्या छापखान्यात घुसले, यंत्र मोडलं आणि खिळे ऑन्टॅरिओ सरोवराच्या खाडीत फेकले. गंमत बघा, पेपर आधीच कर्जात बुडाला होता. कोर्टाने ६२५ पौंड भरपाई दिली आणि तो पुन्हा उभा राहिला! १८२८ मध्ये मॅकेन्झी कायदेमंडळावर निवडून आला. पुढे लिखाणावरून त्याला तिथून वारंवार हाकललं, मतदारांनी तितक्याच वेळा परत पाठवलं.

१८३४ मध्ये यॉर्कचं टोरोंटो शहर झालं आणि नगरसेवकांनी त्याला पहिला महापौर निवडलं. लाकडी फळ्यांचे फुटपाथ झाले, त्याच वर्षी कॉलराची साथही आली. माझ्या मते महापौर म्हणून तो साधारणच होता; पुढच्या निवडणुकीत हरला.

१८३७ मध्ये त्याने सशस्त्र उठाव केला. तो काही दिवसांत फसला. डोक्यावर १००० पौंडांचं इनाम लागलेला मॅकेन्झी अमेरिकेत पळाला, तिथेही पेपर काढला, तुरुंगातही गेला. १८४९ मध्ये माफी मिळाली, १८५० मध्ये परतला, पुन्हा निवडून आला. १८६१ मध्ये वारला. टोरोंटोच्या बाँड स्ट्रीटवरचं त्याचं घर आता संग्रहालय आहे, आत जुन्या पद्धतीचा छापखानाही आहे.