एका युआनचा दावा

शांघायच्या न्यायालयात २००३ साली दाखल झालेल्या एका दाव्यात वादीने नुकसानभरपाईदाखल अवघा एक युआन, म्हणजे तत्कालीन विनिमयदराने सहा रुपयांहूनही कमी, मागितला होता. आणि हा वादी म्हणजे ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाशी चार वर्षांचा सुमारे पावणेदोन कोटी डॉलरांचा करार केलेला, साडेसात फूट उंचीचा याओ मिंग होय. प्रतिवादी कोका-कोलाच्या चिनी कंपनीने राष्ट्रीय संघाविषयीच्या कराराच्या आधारे, सहकाऱ्यांसमवेत त्याची छबी आपल्या बाटल्यांवर छापली होती. त्याने तर प्रतिस्पर्धी पेप्सीशी स्वतंत्रपणे सौदा केलेला होता. रक्कम नाममात्र ठेवण्यात वकिली चातुर्य होतेच. परंतु राष्ट्राचा गणवेश अंगावर चढविणाऱ्या माणसाचा चेहरा कोणाच्या दप्तरी नोंदवावयाचा, हा प्रश्न त्यामुळे चव्हाट्यावर आला.

सरकारपक्षाची बाजू निव्वळ अरेरावीची होती असे म्हणता येत नाही. क्रांतीनंतर १९५२ साली स्थापन झालेल्या क्रीडा आयोगाची सूत्रे मार्शल हो लुंग या बास्केटबॉलवेड्या सेनानीकडे होती, आणि तेव्हापासून खेळाडू हा राज्याने हेरावा, राज्याने घडवावा व त्याने राज्यासाठी खेळावे असा परिपाठच पडून गेला. याओचे आईवडील दोघेही याच व्यवस्थेतून पुढे आलेले बास्केटबॉलपटू. त्यांचा मुलगा नवव्या वर्षी शांघायच्या क्रीडाशाळेत दाखल झाला. त्याच्यावरील खर्चाची वसुली पुढील मिळकतीतून करावी, हा हिशेब सावकारी वाटला तरी त्याला एक तर्क होता. खोट होती ती इतकीच की, नऊ वर्षांच्या पोराने त्या कबुलायतीवर सही केलेली नव्हती.

पहिला खटका उडाला तो वांग झिझीच्या निमित्ताने. वांग हा बायी संघाचा, आणि बायी म्हणजे प्रत्यक्ष लष्कराचा संघ. त्यामुळे डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकन संघाने १९९९ साली त्याची निवड केली असूनही त्याची रवानगी होण्यास २००१ साल उजाडावे लागले, आणि त्या वर्षीच्या एप्रिलात तो एन.बी.ए. या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळणारा पहिला चिनी ठरला. पुढच्याच उन्हाळ्यात राष्ट्रीय शिबिरास हजर होण्याचा हुकूम सुटला, आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेतील आपली जागा पक्की करून घेण्याची त्याला निकड होती. तो परतला नाही. राष्ट्रीय संघाच्या पटावरून त्याचे नाव कमी झाले. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने हा फरारीपणा खराच. तथापि ज्या धंद्याची उमर दहा-बारा वर्षांची, त्यातला एक उन्हाळा एखाद्याने स्वतःसाठी राखला तर त्यात मला राजद्रोह दिसत नाही. २००६ साली वांग मायदेशी आला, त्याने जाहीर माफी मागितली, आणि वर्ष संपण्यापूर्वीच दोहाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात तो उभा होता. या तत्पर क्षमेत औदार्य किती आणि सात फुटी खेळाडूची गरज किती, हे वाचकांनीच ठरवावे.

वांगच्या प्रकरणाने सरकारदरबार सावध झाला, आणि त्याचा भुर्दंड याओला पडला. एन.बी.ए. संघांच्या खेळाडू-निवडीत त्याला पहिला क्रमांक मिळालाच पाहिजे, राष्ट्रीय संघ बोलावील तेव्हा त्याने परतले पाहिजे, मिळकतीतून चिनी बास्केटबॉल संघटनेचा हिस्सा पोहोचता झाला पाहिजे, शिवाय शांघाय शार्क्स या मूळ संघाला सोडवणुकीची रक्कम मिळाली पाहिजे, अशा अटींवर रदबदली चालली, आणि अखेरचा परवाना हाती पडला तो निवडीच्याच दिवशी, २६ जून २००२ रोजी, सकाळी. याओने सारे मान्य केले. हिवाळा ह्यूस्टनचा आणि उन्हाळा राष्ट्राचा, अशा वाटणीत शरीराला विसावा उरला नाही; २००८च्या फेब्रुवारीत डाव्या पायाचे हाड मोडल्याचे निघाले, तरी ऑगस्टात बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो ध्वज घेऊन चालला आणि खेळलाही. २०११च्या जुलैत, वयाची एकतीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्याने निवृत्ती पत्करली. निष्ठेची त्याने दिलेली किंमत पायाच्या हाडांत मोजावी लागते.

बाटल्यांचा दावा मात्र निकालापर्यंत गेलाच नाही. २००३च्या ऑक्टोबरात कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, दावा मागे घेण्यात आला, आणि चेहऱ्याच्या मालकीचा मुद्दा न्यायालयाने न सोडविताच राहिला.

मालकीचा हा वाद नंतर पायांपर्यंत उतरला. ली-निंग या चिनी कंपनीने २०१२ साली देशांतर्गत बास्केटबॉल स्पर्धेशी पाच वर्षांसाठी दोन अब्ज युआनचा करार केला होता, आणि त्यामुळे नायकीशी बांधलेला, अमेरिकेत पूर्वी खेळून आलेला यी जिआनलियान २०१६च्या नोव्हेंबरात आपल्या ग्वांगडोंग संघाकडून ली-निंगचे बूट घालून मैदानात उतरला. सामना चालू असतानाच त्याने ते बूट काढले, तेथेच टाकले, आणि आपले नेहमीचे बूट चढविले. पायाला त्रास होत होता, असे त्याचे म्हणणे. संघटनेने त्याला एका सामन्याची बंदी फर्मावली.