'क्विट', 'रिझाइन', 'अबँडन': 'सोडणे'साठीचे इंग्रजी शब्द फ्रेंचमध्ये गेल्यावर काय होतं?

मराठीत आपण नोकरी सोडतो, सिगारेट सोडतो, गाव सोडतो आणि जमिनीवरचा हक्कही सोडतो. एका क्रियापदात काम होतं. इंग्रजीत मात्र क्विट, रिझाइन, अबँडन, रिनाउन्स, सरेंडर अशी रांगच आहे आणि हे सगळे शब्द फ्रेंचमधून आलेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंचचं वजन वाढलं.

मग फ्रेंच शिकताना हे शब्द फुकटात मिळाले म्हणायचे का? काही मिळतात. 'रिनाउन्स'साठी 'रनोंसे' बिनधास्त वापरा. 'अबँडन'चं 'आबाँदोने' होतं. सायकल शर्यत अर्ध्यावर सोडणं असो की मूल टाकून देणं, दोन्हीकडे हाच शब्द चालतो.

खरी गोची 'रिझाइन'ची. 'मी राजीनामा देतोय' हे सांगायला कुणी 'स रेझिन्ये' वापरलं, तर फ्रेंच माणसाला ऐकू येईल, 'जे आहे ते मी निमूट स्वीकारलंय'. म्हणजे नोकरी सोडायची राहिली बाजूला, उलट तुम्ही तिथेच राहताय! राजीनाम्यासाठी शब्द आहे 'देमिसिओने'. याच घराण्यातला 'डिमिट' आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत दिसतो. सरन्यायाधीश निवृत्त होताना 'डिमिट ऑफिस' छापून येतं, ते हेच.

'क्विट'ही फसवा आहे. फ्रेंच 'किते' म्हणजे माणूस किंवा जागा सोडून जाणं. सिगारेट सोडायची असेल तर 'आरेते', म्हणजे थांबवणं, असं म्हणावं लागतं. गंमत म्हणजे १९४२ च्या 'क्विट इंडिया'तला 'क्विट' या फ्रेंच अर्थाच्या जवळचा आहे: इथून निघा. मराठीत त्याचं 'चले जाव' झालं, ते अगदी नेमकं. फ्रान्समध्ये फोनवर 'न किते पा' ऐकलंत तर घाबरू नका. कुणी 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणत नाहीये, फक्त लाइनवर थांबायला सांगतायत.

'सरेंडर'चं मूळ रूप आजच्या फ्रेंचमध्ये वापरात नाही. तिथे सैन्य 'स राँद्र' करतं, म्हणजे स्वतःला हवाली करतं.

आणि कोडं सुटेना म्हणून हार मानायची असेल तर? इंग्रजीत 'आय गिव्ह अप'. फ्रेंच लोक म्हणतात, 'ज दोन मा लांग ओ शा': मी माझी जीभ मांजराला देतो.