वार, माधुकरी आणि बोर्डिंगची पंगत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची मराठी आत्मचरित्रे वाचताना एक तपशील वारंवार भेटतो. खेड्यातला मुलगा शिकण्यासाठी शहरात येतो आणि शाळेत नाव घालण्याआधी त्याच्या जेवणाची सोय पाहिली जाते. सात दिवसांसाठी सात घरे ठरतात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. याला 'वार लावून जेवणे' म्हणत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. ज्याला वारही मिळत नसत, तो माधुकरी मागे. मधमाशी जशी अनेक फुलांवरून थोडा थोडा मध गोळा करते, तसा अनेक घरांतून थोडा थोडा घास, असा त्या शब्दाचा अर्थ. शब्द सुंदर आहे. त्यामागची भूक आणि कधी कधी वाट्याला येणारा अपमान त्याच आत्मचरित्रांत नोंदलेला आहे.

हे उतारे वर्गात शिकवताना आम्ही गरिबी, जिद्द, विद्येची ओढ असे शब्द वापरतो. वार लावून जेवण्याची सोय कोणाला उपलब्ध होती, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. जेवू घालणारे घर आणि जेवणारा मुलगा यांच्यात पंक्तिव्यवहार असेल, तरच वार लागे. कुणबी, धनगर, महार, मांग, मुसलमान मुलाला साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या पेठेत वार कोण देणार होते? त्याची गरिबी ब्राह्मण विद्यार्थ्याच्या गरिबीहून वेगळी होती. एका गरिबीला समाजाने उंबरठा दिला होता, दुसरीला तोही नव्हता. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास म्हणूनच केवळ शाळांच्या इमारतींवरून लिहिता येणार नाही. तो भाकरीच्या सोयीवरूनही लिहावा लागेल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ही सोय ज्या रीतीने उभी राहिली, तिच्याकडे आम्ही या लेखात पाहू इच्छितो.

दोन जिल्हे म्हटले, पण ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी हा भेद असा नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याची १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवे तालुका आणि कऱ्हाड तालुका यांना जोडणारे लोकजीवन एकच होते. अधूनमधून संस्थानी मुलूख पसरलेला होता. औंध संस्थानचेच पाहा: राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी महाल आजच्या सांगली जिल्ह्यात. साने गुरुजी शिक्षणासाठी औंधला काही काळ राहिले होते. 'धडपडणारा श्याम' वाचणाऱ्यांना तिथले हाताने रांधून खाण्याचे दिवस आठवतील. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे माध्यमिक शिक्षणही औंधलाच झाले.

सातारा शहराच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव लागले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेचे दार त्या मुलासाठी उघडले होते. शिवू न देता पाणी पिण्याची आणि इतरांपासून दूर बसण्याची रीत मात्र दाराच्या आत तशीच होती. पटावर नाव असणे आणि सोबत बसून पाणी पिता येणे यांत किती अंतर असते, हे या शहराने असे पाहिले होते.

हे अंतर तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून तेथे वसतिगृहे निघू लागली: मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे, कारण प्रत्येकाची पंगत वेगळी. तत्कालीन वास्तव ओळखून केलेली ही योजना होती. जो समाज मुलाला पाठवायलाच तयार नाही, त्याला आधी त्याच्या पंक्तीचे आश्वासन देणे भाग होते.

याच कोल्हापुरात कुंभोजला जन्मलेला (२२ सप्टेंबर १८८७) एक जैन मुलगा शिकत होता. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचे नाव. घराणे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. चरित्रकार सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला आणि त्याला जैन बोर्डिंग सोडावे लागले. जेवणाच्या शिस्तीपायी ज्याचे वसतिगृह सुटले, त्याने पुढे आयुष्यभर वसतिगृहे काढली. या घटनेकडे आम्ही केवळ बंडखोरीचा किस्सा म्हणून पाहत नाही. पंगत हीच शिक्षणातली खरी चौकट आहे, हे त्याला तिथे कळले असावे.

पुढची पावले आजच्या सांगली जिल्ह्यातली आहेत. १९१० च्या आसपास दुधगावी भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी आश्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. चालवायला पैसा नव्हता, तेव्हा घरोघरी रोजच्या दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत स्वीकारली गेली. वरकरणी ही माधुकरीसारखीच दिसते. दोन्हींत अनेक घरांचा थोडा थोडा वाटा आहे. परंतु माधुकरीत मुलगा दारात उभा राहतो आणि शिजलेले अन्न घेतो. मुष्टिफंडात धान्य कोरडे येते, एका कोठीत मिसळते, एका चुलीवर शिजते. कोणाच्या घरची मूठ कोणाच्या ताटात गेली, हे सांगता येत नाही. देणाऱ्याचा उपकार आणि घेणाऱ्याची लाचारी दोन्ही त्या कोठीत विरघळतात. आम्हाला हा बदल कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दरम्यान भाऊराव पोटासाठी फिरतीची कामे करीत होते. ओगले बंधूंच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करताना त्यांनी गावोगावचा शेतकरी पाहिला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागे सत्यशोधक चळवळीचे बळ होते. नावातही एक निवड आहे. 'रयत' हा शब्द महसुली दप्तरातला, सारा भरणाऱ्याचा. विद्येच्या संस्थेला देवतेचे, दात्याचे किंवा जातीचे नाव देण्याच्या काळात सारा भरणाऱ्याचे नाव दिले गेले, हे भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे. काले, मग वाळवे तालुक्यातील नेर्ले, अशी वसतिगृहे निघत गेली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तेथील वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. ज्यांच्या राज्यात वसतिगृहे जातवार निघाली, त्यांचेच नाव सर्व जातींच्या एका वसतिगृहाला मिळाले. यात विरोध नाही; एका टप्प्याने दुसऱ्याचे ऋण मानले, इतकेच.

शाहू बोर्डिंग ही शाळा नव्हती, हे येथे आवर्जून सांगायला हवे. मुले शिकायला गावातल्या शाळांत जात. बोर्डिंगात त्यांनी पाणी भरावे, लाकडे फोडावीत, भाजी पिकवावी, दळण-कांडण आणि रांधणे-वाढणे पाहावे, शेतात राबावे, खडी फोडावी, बांधकामावर दगड-माती वाहावी. आजच्या शाळेच्या भाषेत हे सारे 'अभ्यासेतर उपक्रम' ठरेल. त्या काळच्या बोर्डिंगात क्रम उलटा होता. पुस्तकी अभ्यास बाहेर होई आणि घरी जे घडे ते मुख्य शिक्षण. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच विहिरीवर पाणी शेंदतात, एकमेकांच्या हातची भाकरी खातात, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेव्हा शाळा आणि बोर्डिंग एका छताखाली आली: शिक्षण मोफत, राहणे संस्थेत, आणि श्रम सर्वांना. 'कमवा आणि शिका' हे सूत्र रूढ झाले ते या अनुभवातून. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ते उच्च शिक्षणात नेले.

या इतिहासात आणखी एक श्रम आहे आणि त्याची नोंद फार थोडक्यात होते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई परंपरानिष्ठ जैन घरातून आलेल्या. सर्व जातींच्या मुलांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे रांधून वाढले, दागिने मोडले आणि शेवटी कोठीत धान्य उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. साताऱ्यातले बोर्डिंग तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. गौरवग्रंथांतून मंगळसूत्राची गोष्ट सांगितली जाते आणि त्यागाचे कौतुक करून पान उलटले जाते. आमचा आक्षेप कौतुकाला नाही, शब्दाला आहे. मुलांनी खडी फोडली त्याला आपण 'श्रमप्रतिष्ठा' म्हणतो. बाईने वर्षानुवर्षे चूल सांभाळली त्याला 'त्याग' म्हणतो. पहिला शब्द शिक्षणशास्त्रात जातो, दुसरा देव्हाऱ्यात. सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीने स्वतःच्या चुलीची शिस्त बदलणे, ही त्या बोर्डिंगातली कदाचित सर्वांत अवघड शैक्षणिक कृती होती. ती कृती म्हणून अभ्यासली गेली पाहिजे.

वसतिगृहाचे स्वातंत्र्य कशावर उभे होते, याची परीक्षा १९४८ मध्ये झाली. मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. तोवर संस्थेचा व्याप वाढला होता; पुण्याचे युनियन बोर्डिंग (१९३२), अध्यापन विद्यालये, खेड्यापाड्यांतल्या शेकडो प्राथमिक शाळा. भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले, लोकांनी धान्य आणि पैसा दिला आणि संस्था टिकली. अनुदानही पुढे पूर्ववत झाले. मूठभर धान्याची सवय ज्या गावांना लागली होती, तीच गावे कामी आली. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. छोट्या बोर्डिंगचा वटवृक्ष झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे; संस्थेचे बोधचिन्हही वटवृक्षच आहे.

वटवृक्षाचा अभिमान आम्हालाही आहे. आमच्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली साक्षर पिढी त्याच्याच सावलीत वाढली. तरीही एक प्रश्न मांडल्यावाचून राहवत नाही. 'कमवा व शिका' ही आज अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत चालणारी एक योजना आहे. गरजू विद्यार्थी अर्ज करतो, उत्पन्नाचा दाखला जोडतो, ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात ठरलेले तास काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. योजना उपयुक्त आहे. तिच्यावाचून कितीतरी मुलांचे शिक्षण थांबेल. पण आमच्यापैकी एकीच्या महाविद्यालयात ग्रंथालयात पुस्तके लावणारी मुलगी स्वतःच्या वर्गातली मुले आत आली की कपाटामागे सरकते. तिने कोणतेही हलके काम केलेले नाही. मग हा संकोच कोठून आला?

आमच्या मते तो योजनेच्या रचनेतच आहे. शाहू बोर्डिंगात श्रम सर्वांना होते, म्हणून श्रमावरून कोणाची गरिबी ओळखता येत नव्हती. आज श्रम फक्त गरिबाला आहेत, म्हणून श्रम हाच गरिबीचा दाखला झाला आहे. सूत्र तेच राहिले. त्यातून 'सर्वांनी' हा अनुच्चारित शब्द तेवढा गळून पडला. एका अर्थाने आपण मुष्टिफंडाकडून पुन्हा वारांकडे आलो आहोत: सोय आहे, पण ती घेताना मान थोडी खाली जाते.

यावर मोठा उपाय सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. शिक्षक म्हणून एवढे मात्र करता येईल. आठवड्यातला एक तास ग्रंथालयाची कपाटे साऱ्या वर्गाने लावावीत आणि त्या वर्गाबरोबर शिक्षकानेही लावावीत. मानधन ज्याला गरजेचे आहे त्याला मिळो. काम मात्र सर्वांचे असो. कपाटामागे सरकणाऱ्या त्या मुलीला त्या तासापुरती तरी लपायला जागा लागणार नाही. असो.