बैठकीच्या खोलीतील धूर

मराठी ललित गद्यात रेडिओच्या आठवणींना तोटा नाही. व्हॉल्व्हचा तो भारदस्त संच, त्यावर घातलेला विणकामाचा रुमाल, बुधवारची रात्र आणि रेडिओ सिलोनवरील अमीन सयानींचा आवाज, हे सारे इतक्यांदा लिहून झाले आहे की ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांनाही तो पाठ झाला आहे. या आठवणी वाचताना आम्हांस मात्र एक गोष्ट सतत खटकते. या खोल्यांत धूर नसतो. त्या काळी असंख्य घरांच्या भिंती, पडदे आणि सदरे ज्याने भरलेले असत, तो विडी-सिगारेटीचा धूर एक तर वगळला जातो किंवा वडिलांच्या व्यक्तिचित्रात एखादी रुबाबदार लकब म्हणून येतो. घरगुती करमणुकीच्या यंत्रांचा इतिहास आणि घरातील धूम्रपानाचा इतिहास हे एकाच खोलीचे इतिहास आहेत. ते निरनिराळे लिहिल्यामुळे आपल्या कौटुंबिक स्मृतीत एक खोट राहून गेली आहे, असे आमचे मत आहे.

मुंबईत 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे रेडिओ ही सामान्य घरात सहज येणारी वस्तू नव्हती. संच महाग, शिवाय तो बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. अशी मोलाची वस्तू साहजिकच बाहेरच्या खोलीत, घरच्या कर्त्याच्या खुर्चीजवळ विराजमान झाली. कोणते केंद्र लावायचे, केव्हा लावायचे आणि आवाज किती ठेवायचा, हे त्या खुर्चीतून ठरे. व्हॉल्व्ह तापून आवाज उमटायला थोडा वेळ लागे. त्या वेळात काडी ओढून विडी पेटवणारे कर्ते पुरुष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बटणाचा हक्क आणि धुराचा हक्क यांचे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा हक्क सर्वांचा नव्हता. वडिलांसमोर ओढायचे नाही हा संकेत बहुतेक घरांत पक्का होता. मुलगा कमावता झाला, बाप झाला, तरी त्याला गॅलरीचे टोक, जिन्याचा कोपरा किंवा पानाची गादी गाठावी लागे. बायकांची मशेरी तर मागच्या दारी, पहाटेच्या अंधारात चाले. तंबाखू घरात बहुतेकांच्या वाट्याला होती. पण गाणे ऐकत ऐकत, उघडपणे, सर्वांच्या देखत तिचा धूर सोडण्याची मुभा एकालाच होती. इतरांनी गाणे ऐकायचे तर धुरासकट ऐकायचे, असा तो अलिखित करार होता.

या करारातील एक अपवाद मोठा बोलका आहे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची 56 गीते वर्षभर महाराष्ट्राने ऐकली. कित्येक घरांत संचाला हार घातला जाई, पुढे उदबत्ती लावली जाई. आमची आजी सांगत असे की, गीताची वेळ झाली की आजोबा हातातली विडी विझवून कोनाड्यात ठेवीत आणि गीत संपल्यावर तीच पुन्हा पेटवीत. ही गोष्ट ती कौतुकाने, त्यांच्या श्रद्धेचा दाखला म्हणून सांगे. आम्हीही ती बरीच वर्षे तशीच ऐकली. पण तिच्यात दुसरा एक अर्थ दडलेला आहे. जी सवय सुटत नाही असे घरातील सर्वांनी मान्य केले होते, ती तेवढ्या वेळापुरती थांबू शकत होती. देवासाठी थांबत होती. त्याच खोलीत झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या खोकल्यासाठी मात्र कधी थांबली असे आजीच्या बोलण्यात आले नाही. आयुष्यात विडीला न शिवलेली आजी अखेरच्या वर्षांत दम्याने बेजार झाली, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात कोण ओढते, हा. दम्याचे कारण आम्ही सांगू शकत नाही. पण तो प्रश्न घरात त्याआधी कोणीच विचारला नव्हता, एवढे खरे.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि बाहेरच्या खोलीची मांडणी बदलली. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच. रविवारच्या हिंदी चित्रपटाला अर्धा मजला तिथे लोटे. काचेवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले जात, आणि त्या बंद खोलीत पंचवीस माणसांत तिघे-चौघे पेटवीत. 1982 मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंग आले. पाठोपाठ भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याची चाल पडली. जागरणाला चहा आणि सिगारेट हवीच. चित्रनळीच्या काचेवर स्थिर विद्युतभार साठतो व तो हवेतील धूळ आणि धुराचे कण ओढून घेतो. ओढणाऱ्यांच्या घरातील पडदा ओल्या फडक्याने पुसला की फडके पिवळट तपकिरी होई. घरातील कोणत्याही फोटोत न आलेली ती नोंद होती. पडदा पुसणारी स्त्री ती आठवड्याला पाही आणि फडके धुऊन टाकी.

याच सुमारास त्या फडक्याचा अर्थ विज्ञानाने सांगितला. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांची 14 वर्षांची माहिती तपासून जानेवारी 1981 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडला, की ज्यांचे पती खूप धूम्रपान करतात त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आहे. सिगारेट उद्योगाने त्यावर कडाडून टीका केली. पुढे 1986 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने परक्या धुराचा धोका अधिकृतपणे मान्य केला. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे 1919 सालचे गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवावे. सुधाकराच्या दारूची किंमत सिंधू मोजते, हे मराठी प्रेक्षकाला रंगभूमीने शिकवले. दारूचे व्यसन एकट्याचे नसते ही जाणीव त्या नाटकाने मराठी मनात रुजवली. धुराच्या वाट्याला तसे तोलामोलाचे नाटक आले नाही. विडी माणसाला सभ्यपणे बसू देते, संसार लिलावात काढत नाही, बायकोवर हात उचलायला लावत नाही. म्हणून तिची सिंधू आपल्याला दिसली नाही. ती शेजारीच बसून छायागीत पाहत होती.

कायद्याने पडद्याकडे लक्ष दिले, ते टप्प्याटप्प्याने. 1975 च्या कायद्याने पाकिटावर इशारा आणला. दूरदर्शनच्या जाहिरात-संहितेत तंबाखूला स्थान नव्हते. तरी 1996 चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावानेच घरोघरी पाहिला गेला, आणि तेच नाव भारतीय खेळाडूंच्या छातीवर 2001 पर्यंत होते. 2003 मध्ये व्यापक कायदा झाला, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले आणि 2 ऑक्टोबर 2012 पासून चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर धूम्रपानाच्या दृश्याखाली इशाऱ्याची ओळ सक्तीची झाली. सप्टेंबर 2023 पासून ती इंटरनेटवरील मालिका-चित्रपटांनाही लागू आहे. आता 'हम दोनो' (1961) मधला लायटरशी खेळणारा देव आनंदही त्या ओळीसह भेटतो.

या ओळीवर रसिक चिडतात. 2013 मध्ये वुडी ॲलन यांनी 'ब्लू जॅस्मिन'मध्ये ती घालण्यास नकार दिला आणि चित्रपट भारतात प्रदर्शित झाला नाही. कलाकृतीच्या चौकटीत परका मजकूर शिरतो ही तक्रार आम्हांस समजते. दृश्याची लय मोडते हेही खरे. तरीही आमची तक्रार निराळी आहे. ती ओळ धोका आहे एवढे सांगते, पण कोणाला ते सांगत नाही. ती पडद्यावरच्या पात्राला उद्देशून असल्यासारखी वाटते. पडद्यासमोर बसलेल्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा तिच्यात उल्लेख नाही. आणि राहते घर तर सार्वजनिक ठिकाणांच्या बंदीबाहेरच आहे. तिथे आजही घरातील माणसांचा शब्द हाच काय तो कायदा.

आज घरात प्रत्येकाच्या हाती आपापला पडदा आहे, कानांत आपापला आवाज आहे. एकत्र ऐकण्या-पाहण्याचे दिवस गेले, अशी हळहळ पुष्कळ लिहिली जाते आणि तीत तथ्य आहे. ते एकत्र बसणे आम्हांसही मोलाचे वाटते. पण गाणे ज्या बसण्याने वाटले गेले, त्याच बसण्याने धूरही वाटला गेला, आणि त्या वाटपात कोणाला विचारले गेले नव्हते. आजोबांवर खटला भरण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या काळी त्यांना जे माहीत नव्हते, ते आपल्याला माहीत आहे, इतकेच. स्मरणरंजनाचे उतारे वर्गात शिकवताना भाषेची गोडी जरूर दाखवावी. त्यासोबत विद्यार्थ्यांना त्या खोलीचा नकाशाही काढायला सांगावा: संच कुठे होता, खुर्ची कोणाची होती, तान्हे मूल कुठे झोपले होते, आणि कार्यक्रम संपल्यावर खिडकी उघडायला कोण उठत असे.