सात नंबरचा फॉर्म

नावनोंदणीचा कुठलाही ऑनलाइन फॉर्म बनवायला घेतला की क्लायंट दोन गोष्टी हमखास मागतो. एक, फॉर्म कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा. दोन, किती जणांनंतर 'जागा भरल्या' अशी पाटी लावायची. ट्रेक असो, रक्तदान शिबिर असो नाहीतर सोसायटीचं पार्किंग असो, सगळीकडे हेच. कोड म्हणाल तर अगदीच किरकोळ... दोन तारखा, एक आकडा. नवीन लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात द्यावं असं काम. त्यामुळे त्या तीन खान्यांत काय भरायचं यावर कोणी फारसं डोकं चालवत नाही.

पण हे तीन खाने पुण्यापासून दोन तासांच्या आत, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, वर्षानुवर्षं भरले जातायत. तिथे 'जागा भरल्या'चा अर्थ फार वेगळा होतो. तिथे तो फॉर्म पाण्याचा आहे.

आधी थोडा भूगोल. शिरूर आणि दौंड यांच्या मधून भीमा वाहते, वर शिरूर, खाली दौंड. सह्याद्रीच्या घाटात धो धो कोसळणारा पाऊस इथपर्यंत येईतो दमलेला असतो. वर्षाला 500 मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. पाणी येतं ते वरच्या धरणांतून, कालव्याने. दौंडला खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा, शिरूरला चासकमानचा डावा कालवा आणि शिवाय तालुक्यातच चिंचणीला बांधलेलं घोड धरण. आता कालव्याचं पाणी हे नळाच्या पाण्यासारखं नाही, की चावी फिरवली आणि आलं. ते आवर्तनाने येतं, म्हणजे ठराविक दिवस कालवा चालू, मग बंद. आणि आपल्या शेतापर्यंत ते यावं म्हणून आधी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाचं नाव नमुना नंबर 7. (सातबाऱ्यातला सात वेगळा बरं का, तो महसूल खात्याचा. हा पाटबंधारे खात्याचा. उगाच गोंधळ नको.)

हा अर्ज आला कुठून? 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. खडकवासल्याचं धरण आणि मुठा कालवा तेव्हा बांधले जात होते. तलावाला लेक फाइफ असं नाव दिलं गेलं, कर्नल फाइफ नावाच्या इंजिनियरवरून. कालवा पुण्यातून हडपसरमार्गे खाली दौंडकडे, पाटसच्या बाजूला नेला. आणि 1879 मध्ये सरकारने मुंबई पाटबंधारे कायदा केला. त्यात तत्त्व असं, की कालव्याचं पाणी सरकारचं, ज्याला हवं असेल त्याने लेखी अर्ज करावा.

लेखी. इथे जरा थांबू या. कारण त्याच्या चारच वर्षं आधी, मे 1875 मध्ये, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली होती. मग ते शिरूर, इंदापूर, हवेली असे पसरत गेले. शेतकरी सावकाराच्या घरात घुसून काय करत होते? माणसं मारण्यापेक्षा त्यांचा सगळा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, खतं बाहेर काढायचे आणि जाळायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून अंगठा घेऊन केलेला कागद म्हणजे काय चीज असते, हे त्या लोकांना चांगलंच कळलेलं होतं. त्या दंग्यांमुळेच पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी सोय केली होती. म्हणजे बघा, एकाच वर्षी, त्याच भागातल्या, त्याच निरक्षर शेतकऱ्यासाठी दोन कायदे. एक म्हणतो, याला कागदापासून वाचवा. दुसरा म्हणतो, पाणी पाहिजे तर कागद आण.

म्हणून माझ्या लेखी फॉर्मच्या इतिहासातला पहिला प्रश्न 'किती जागा' हा नाही. 'हा कागद कोणाला भरता येतो' हा आहे.

आता तारखा. पाटबंधारे खात्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि त्याचे तीन हंगाम पडतात. खरीप 14 ऑक्टोबरपर्यंत, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, आणि उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. यातली 15 ऑक्टोबर ही तारीख काही पंचांगातून आलेली नाही. तोवर पाऊस संपलेला असतो, धरणात काय साठलंय ते दिसतं, आणि त्यावरून पुढच्या हंगामांचं नियोजन करता येतं. मग जाहीर प्रकटन निघतं. अमुक तारखेपर्यंत सात नंबरचे अर्ज द्या, थकबाकी भरा, शेतचारी दुरुस्त ठेवा. अर्ज गोळा होतात, एकूण मागणी आणि हातातलं पाणी यांचा मेळ घातला जातो, मंजुरी मिळते, पाण्याचा पास मिळतो. मंजुरीपेक्षा जास्त रान भिजवलं तर जादा दराने आकारणी.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. मुदतीच्या आत पहिल्या दिवशी आलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी आलेला अर्ज, तत्त्वतः दोघांची किंमत सारखी. आपल्या भाषेत बोलायचं तर टाइमस्टॅम्प फक्त 'मुदतीत आला की नाही' एवढंच ठरवतो, रांगेतला नंबर ठरवत नाही. मागणी गोळा करणं हे एक काम आणि वाटप करणं हे दुसरं काम. आपण फॉर्म बनवताना ही दोन कामं एकाच बटणात कोंबतो.

आता मर्यादेकडे वळू. मर्यादा म्हटली की आकडा आला, पण आकडा कशाचा? सुरुवातीला कालव्यांची अडचण उलटीच होती. पाऊस बरा झाला की पाणी घ्यायला कोणी यायचंच नाही, आणि दुष्काळ पडला की सगळे एकदम यायचे. मग ऊस आला आणि चित्र पालटलं. ऊस बारा महिने उभा, ज्वारीच्या कितीतरी पट पाणी पिणारा. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनी ऊस लावला की खालच्यांना काय उरणार? आणि तोंडाशी पाणी इतकं मुरायचं की जमीन चिबड व्हायची. म्हणजे वरचा जास्त पाण्याने मरतो आणि खालचा पाण्यावाचून.

1899 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून आले. खडकवासल्याच्या सांडव्यावरचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांचं त्याहून मोठं काम मला वाटतं ते म्हणजे ब्लॉक पद्धत. कल्पना साधी होती. बारमाही पाणी तोंडाशी एकवटू द्यायचं नाही, कालव्याच्या लांबीवर गावोगाव ब्लॉक आखून वाटायचं. ब्लॉकमधल्या साधारण एक तृतीयांश जमिनीवरच ऊस, बाकीच्या जमिनीवर कमी पाण्याची पिकं. आणि ही मंजुरी दरवर्षी नव्याने मागायची नाही, ती एकदम काही वर्षांसाठी.

यात मर्यादा एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी आहे ते लक्षात घ्या. एकूण किती, एका गावाला किती, आणि त्यात तहानलेल्या पिकाला किती. नुसता 'इतके एकर' असा एकच आकडा ठेवला असता तर सगळे एकर वरच्या गावांनी उसाखाली खाल्ले असते आणि फॉर्म मात्र नियमाप्रमाणे भरला गेला असता! शिवाय काही वर्षांची खात्री दिली की माणूस धावाधाव करत नाही. दरवर्षी दार उघडायची वाट बघत बसलेला माणूस हावरट असतोच असं नाही, तो घाबरलेला असतो.

पुढे 2005 मध्ये शेतकऱ्यांनीच सिंचन व्यवस्थापन करायचा कायदा आला. त्यात पाणी वापर संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून द्यायचं ठरलं. संस्थेने आपल्यात कसं वाटायचं ते वाटावं. एकरावरून घनमीटरवर यायला सव्वाशे वर्षं लागली. टंचाई ज्या वस्तूची आहे, मर्यादा त्याच वस्तूच्या मापात हवी, इतकी साधी गोष्ट.

बरं, हे सगळं ऐकून 'वा, काय सुंदर व्यवस्था' असं म्हणू नका. कागदावर शेजपाळी म्हणते की चारीवर पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याचं रान आधी भिजेल. प्रत्यक्षात पाणी वरून खाली येतं आणि वाटेत रात्र होते :) दार फोडणारे आहेत, पाटकऱ्याला दमात घेणारे आहेत, पास हातात असून कोरडे राहिलेले तर कितीतरी. मंजूर झालेला फॉर्म आणि मिळालेलं पाणी यांच्या मध्ये मैलोन्‌मैल कालवा असतो.

आणि त्या कालव्याच्या तोंडाशी आज कोण बसलंय? आपण. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारी धरणांची मिळून क्षमता सुमारे 29 टीएमसी. करारानुसार पुणे शहराचा हिस्सा साडेअकरा टीएमसीचा होता, आणि महापालिका वर्षानुवर्षं त्याहून बरंच जास्त पाणी उचलत आली. त्याच पाण्यावर हवेली, दौंड आणि इंदापूरची मिळून 62 हजार हेक्टरच्या आसपास जमीन अवलंबून. सप्टेंबर 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना प्रथमच कळलं असेल की आपल्या घरामागून वाहणारा तो 'नाला' नसून दौंडकडे जाणारं पाणी आहे. दौंडचा शेतकरी सात नंबर भरतो, तारीख पाळतो, थकबाकी भरतो. शहर असा हंगामी फॉर्म भरत नाही. ज्या मर्यादेचं बंधन फक्त फॉर्म भरणाऱ्यावर असतं, ती मर्यादा नव्हे.

असाच प्रकार 2021 मध्ये पुन्हा झाला, फक्त पाण्याच्या जागी लस होती. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली, पण कोविनवर ऑनलाइन नोंदणी करूनच. स्लॉट उघडले की काही सेकंदांत संपायचे. आपल्या क्षेत्रातल्या हुशार पोरांनी स्लॉट उघडल्याची वर्दी देणारे प्रोग्रॅम लिहिले, टेलिग्रामवर ग्रुप निघाले. आणि शहरातली माणसं गाड्या काढून तालुक्याच्या आरोग्य केंद्रांवर लस घेऊन आली. तिथले गावकरी दारात उभे राहून बघत होते, कारण त्यांच्या गावचा कोटा त्यांच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर संपला होता. लस घेणाऱ्यांनी नियम मोडला का? मुळीच नाही. नियमच तसा लिहिला होता. एकूण किती हे होतं, गावाला किती हेही होतं, पण 'गावाला' म्हणजे 'गावातल्या माणसाला' असं कुठे म्हटलेलं नव्हतं. पुढे जूनमध्ये आधी ऑनलाइन नोंदणी न करताही थेट केंद्रावर जाऊन लस मिळायला लागली, तेव्हा ते जरा निवळलं.

आणि आता महाडीबीटी. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं यांच्या अनुदानासाठी शेतकरी या पोर्टलवर अर्ज करतात. आधी अर्जांची संगणकीय सोडत निघायची. नशिबाचा खेळ खरा, पण उशिरा भरणाऱ्याचीही चिठ्ठी त्याच डब्यात. 2025 पासून तिथे 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' लागू झालं. सोडतीवर लोकांचा राग होता, वर्षानुवर्षं नंबर लागत नाही म्हणून, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण आधी कोण येणार? ज्याच्या गावात नेट चांगलं आहे, ज्याचा मुलगा पुण्यात आपल्यासारख्या कंपनीत आहे, ज्याला योजना सुरू झाल्याचा मेसेज त्याच दिवशी येतो तो. जिरायती रानातली एकटी म्हातारी महा-ई-सेवा केंद्रात पोचेपर्यंत यादी लांब गेलेली असते. आपण घड्याळ लावलं म्हणजे न्याय झाला असं आपल्याला वाटतं, कारण घड्याळ कोणाची बाजू घेत नाही. घड्याळ घेत नाही हो, पण घड्याळापर्यंत पोचायचा रस्ता घेतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हटलं की 'दोन तारखा आणि एक आकडा टाकून दे', तर आधी चार प्रश्न विचारा. सगळ्यात शेवटी बातमी कळणाऱ्या माणसाला पुरेल इतकी मुदत आहे का? मुदतीच्या आत आधी आलेल्याला जास्त का मिळावं? आकडा माणसांचा आहे, की जे खरंच कमी आहे त्याचा? आणि या फॉर्मच्या बाहेरून कोणी उचल करतंय का? ट्रेकच्या नोंदणीला यातलं काही विचारायची गरज नाही, तिथे धावत आलेल्याला जागा मिळाली तरी कोणाचं बिघडत नाही. पण रेशन, लस, शाळेचा प्रवेश, पाणी असं काही असेल तर नक्की विचारा. क्लायंट वैतागेल. वैतागू दे.

येत्या 15 ऑक्टोबरला धरणातला साठा मोजला जाईल, मग प्रकटन निघेल, आणि शिरूर-दौंडमध्ये सात नंबरचे अर्ज भरले जातील. त्या सुमारास पेपरात कालवा सल्लागार समितीची बातमी आली तर पान उलटू नका. त्या बैठकीत आपल्या नळाचा आकडाही ठरत असतो.