बजेटमधला ‘घरून’ हा शब्द

गेल्या आठवड्यात कॉलेजची पाच पोरं घरी आली होती. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना आठ मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. विषय आपल्या नाशिकचाच. तांबट आळीतला एक म्हातारा कारागीर, त्याचा नातू, आणि एक दिवस बंद पडणारा हातोडीचा आवाज. मी पस्तीस वर्षं लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढले म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. “काका, आमचं बजेट एकदा बघून द्या ना.”

पाच जणांनी प्रत्येकी पाच हजार काढलेत. एकूण पंचवीस हजार. कागद नीट आखला होता. कॅमेरा आणि लेन्सचं भाडं ७,०००. ड्रोन ४,०००. लाइट ४,५००. प्रवास २,५००. पोस्टर आणि टीझर ३,०००. फेस्टिव्हलच्या प्रवेश फीसाठी ४,०००. खाली तीन ओळींपुढे शून्य होतं. साउंड: मोबाइलवर. एडिटिंग: मित्र करणार. जेवण: घरून.

मी विचारलं, “घरून म्हणजे कोणाच्या?”

एक पोरगा म्हणाला, “माझ्या. आई करेल. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, अकराच माणसं आहेत.”

तेवढ्यात आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. कागदावर नजर टाकून म्हणाल्या, “आणि भांडी कोण घासणार, तेही लिहा त्यात.”

पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही. का ते शेवटी सांगतो. आधी शंभरएक वर्षं मागे जाऊ, कारण कमी पैशांत सिनेमा कसा करायचा याचा पहिला धडा आपल्याच त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाने घालून दिलाय.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तसाच आपल्या देवांवर काढायचा म्हणून झपाटले, ही गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. मिळेल तो सिनेमा बघायचा, रात्र रात्र जागायचं, यात डोळे जायची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी नजर वाचली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म एवढं ठरवून दोनेक महिन्यांत परतले.

आता इथे थांबा. कॅमेरा आला, माणूस झपाटलेला आहे, डोक्यात अख्खा हरिश्चंद्र तयार आहे. आपण असतो तर दुसऱ्या दिवशी नारळ फोडला असता. फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम घेत महिनाभर ते रोप टिपलं. पडद्यावर ते मिनिटभरात उगवून वाढताना दिसलं. ना नट, ना कपडे, ना सेट. ही छोटी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारखे लोक ती पाहून कर्ज द्यायला तयार झाले.

पोरांना मी हेच सांगितलं. वाटाण्याने फाळक्यांची दोन कामं झाली. स्वतःचा हात तपासून झाला, आणि पैसेवाल्याला भाषण न देता डोळ्यांनी पटवता आलं. तुमचा वाटाणा कोणता? पंचवीस हजारांतला एक रुपयाही खर्च करायच्या आधी, आहे त्या मोबाइलवर, तांबट आळीत जाऊन एका मिनिटाची एक गोष्ट काढून आणा. भांडं घडताना. फक्त तेवढंच. ते एक मिनिट बघवत नसेल, तर ड्रोन आणून आठ मिनिटं बघवणार नाहीत.

पुढे हरिश्चंद्र सुरू झाला. दादरला राहत्या जागेतच स्टुडिओ उभा राहिला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती झाल्या, कोठ्यांवर विचारून झालं, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत आचाऱ्याचं काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. खानावळीत त्यांना महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. रोहिदासाला मूल मिळेना, कारण गोष्टीत रोहिदास मरतो आणि कुठले आईबाप आपल्या पोराला असं करायला देतील? मग फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा राहिला.

वांगणीचा किस्सा तर प्रत्येक शॉर्ट फिल्मवाल्याने भिंतीवर लावावा असा आहे. मंडळी बाहेरच्या चित्रीकरणासाठी त्या गावात गेली. हातात तलवारी, भाले. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. सगळ्यांना धरून ठेवलं, आणि फाळक्यांनी कॅमेरा उघडून दाखवून समजावलं तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगतात. त्यामुळे पोरांनो, ज्याच्या दुकानात शूट करणार त्याची लेखी परवानगी, कॉलेजचं पत्र, आणि आजूबाजूच्या चार दुकानदारांना आदल्या दिवशी जाऊन सांगणं. याला पैसे पडत नाहीत, आणि न केल्यास अख्खा दिवस जातो.

दिवस जाणं म्हणजे काय, हे सत्यजित राय यांना विचारायला हवं होतं. ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण १९५२ मध्ये काशफुलांच्या शेतात सुरू झालं. एका रविवारी अर्धा प्रसंग झाला. पुढच्या वेळी जाऊन बघतात तर गुरांनी काशफुलं खाऊन टाकलेली. उरलेला प्रसंग घ्यायला पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबावं लागलं. त्यांनीही विम्याची पॉलिसी मोडली, पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले ते रस्ते सुधारणेच्या खात्यातून, कारण नावात ‘पथ’ होता! चित्रपट १९५५ मध्ये आला.

विमा आणि बायकोचे दागिने. दोन महान माणसं, चाळीस वर्षांचं अंतर, आणि भांडवल तेच. इथूनच मला खरं सांगायचंय ते सुरू होतं.

त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. कडेला भोकं नसतील तर कॅमेऱ्यातलं दातेरी चाक ती पुढे ओढणार कसं? म्हणून अंधाऱ्या खोलीत बसून, हाताने यंत्र चालवून, फूट फूट फिल्मला भोकं पाडावी लागत. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. जी वाया गेली ती फिल्म वेगळी. हे काम कोण करायचं? सरस्वतीबाई फाळके. फिल्म धुण्याची रसायनं मिसळणं, कॅमेऱ्यात फिल्म भरणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडणं, हेही त्याच करत. आणि हे सगळं उरलेल्या वेळात, कारण साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर होता. शिवाय त्यांचे कपडे धुणं होतं, स्वतःची लहान मुलं होती.

चित्रीकरणाला सहा महिन्यांहून जास्त दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, ३ मे ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि स्टुडिओ घेऊन नाशिकला आले. पुढचा ‘मोहिनी भस्मासुर’ इथे तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे बाईने सिनेमात काम करायचं नाही हा नियम ज्या गावात मोडला, ते हे आपलं गाव.

आता हिशेब मांडा. सहा महिने साठ माणसांचं जेवण बाहेरून आणलं असतं तर? भोकं पाडायला एक आणि प्रयोगशाळेत एक असे दोन कारागीर पगारी ठेवले असते तर? कर्ज तिप्पट झालं असतं, किंवा चित्रपट झालाच नसता. ‘भारताचा पहिला चित्रपट कमी पैशांत झाला’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पैसे कमी लागले, कारण एका बाईच्या कष्टांपुढे शून्य लिहिलं होतं.

फाळक्यांना मी यात खलनायक करत नाहीये. त्या माणसाने स्वतःलाही सोडलं नाही, डोळे पणाला लावले, आणि १९४४ मध्ये नाशिकलाच हालाखीत गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो. पण चौकात उभं राहून दहा जणांना सरस्वतीबाई कोण ते विचारा. किती सांगतात बघा. बऱ्याच लोकांना त्या माहीत झाल्या त्याही परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे, २००९ नंतर.

म्हणून पोरांबरोबर बसून कागद पुन्हा केला. ड्रोन गेला. तांबट आळीची गोष्ट आकाशातून कोण बघणार आहे? त्या गल्लीत आकाशच पट्टीएवढं दिसतं. कॅमेरा एक, लेन्स एक, दोन दिवस: ४,०००. लाइट म्हणजे दोन लहान एलईडी आणि थर्माकोल: १,५००. बाकी सकाळी आठ ते दहाचं ऊन फुकट आहे. साउंडला रेकॉर्डर आणि माइक: ४,०००. फिल्मच हातोडीच्या आवाजाची आहे आणि साउंडपुढे शून्य, हे कसं चालेल? प्रवास २,०००. हार्ड डिस्क ३,०००, कारण फुटेज एकाच जागी ठेवून रडलेली पोरं मी पाहिली आहेत. एडिटिंग करणाऱ्या मित्राला २,५००. फेस्टिव्हल फी १,०००. एकाच ठिकाणी पाठवा, विचार करून पाठवा. अडीअडचणीला २,५००. आणि जेवण ४,५००.

बेरीज बरोबर पंचवीस हजार.

जेवणावर वाद झाला. पोरगा म्हणाला, “काका, आईला पैसे दिलेले तिला आवडणार नाहीत. तिला परकं वाटेल.” मी म्हटलं, विचारलंस का? तो गप्प. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आईने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, पण मग विचारलं की शेवटी नावं येतात तिथे माझं येईल का, आणि आडनाव माहेरचं लावलं तर चालेल का.

आता माझं. पस्तीस वर्षं माझ्या दुकानावर पाटी होती, तिच्यावर माझं नाव. लग्नसराईत मी कार्यालयात असायचो. दुकानात फोन घेणं, तारखा लिहिणं, हजार-हजार फोटोंतून डोळे मिटलेले बाजूला काढणं, अल्बम चिकटवणं, उधारी मागणं, हे सगळं सौ. करायच्या. रात्री घरी येऊन स्वयंपाक. चार वर्षांपूर्वी दुकान बंद केलं तेव्हा मित्रांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी माईकवरून सगळ्यांचे आभार मानले. लॅबवाल्याचे मानले, असिस्टंट पोरांचे मानले. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं नाव घ्यायचं राहिलं. विसरलो असंही नाही, घ्यायला हवं हे सुचलंच नाही. घरी येताना रिक्षात त्या काहीच बोलल्या नाहीत. आजही त्या विषयावर बोलत नाहीत. भांड्यांचं तेवढं बोलल्या, परवा.

म्हणून आज इथे लिहितो, आपले दोनेक हजार लोक वाचतात त्यांच्यासमोर. त्या दुकानात निम्मं काम शुभांगीचं होतं. पाटी काढून ठेवली आहे माळ्यावर. आता ती बदलून उपयोग नाही, पण हिशेब तरी दुरुस्त करता येतो.

कमी पैशांत फिल्म करू नका असं मी म्हणत नाहीये. जरूर करा. नागराज मंजुळेंनी नगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पैसा नाही म्हणून थांबायचं नसतं. फक्त कागदावर जिथे जिथे शून्य लिहाल, तिथे शेजारी एक नाव लिहा. पैसे देता आले तर द्या. नाही देता आले तर नाव द्या. दोन्ही नसेल, तर निदान जाऊन विचारा.

पोस्ट लांबली. दोन कामं आहेत आपल्याकडे. एक, पोरांना पुढच्या महिन्यात दोन दिवसांसाठी जुन्या नाशकातला शांत वाडा हवाय, चौक असलेला, शेजारी डीजे नसलेला. कुणाचा असेल तर कॉमेंटमध्ये कळवा. दुसरं, तुमच्या घरात कुणी आजी-पणजी फाळक्यांच्या नाशिकमधल्या कंपनीत कामाला होती, कपडे शिवले, स्वयंपाक केला, गर्दीत उभी राहिली, असं घरात बोललं जात असेल, तर तिचं नाव लिहा. नुसतं नाव लिहिलंत तरी पुरे. मी वही केली आहे.