अन्का ताऱ्याची कुळकथा

नोव्हेंबरच्या मध्यास, रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर क्षितिजाच्या वर किंचित नारिंगी छटेचा एक तारा एकटाच दिसतो. दिल्लीत तो जेमतेम १९ अंश उंचीवर असतो, तर चेन्नईत सुमारे ३५ अंशांवर. बदलीच्या हुकुमाबरोबर माणसाचे आकाशही थोडे बदलते, ते असे. या ताऱ्याचे नाव अन्का. फिनिक्स तारकासमूहातील हा सर्वांत तेजस्वी तारा.

हा समूह आकाशात मांडला गेला त्यास फारशी शतके लोटलेली नाहीत. १५९५ साली चार डच गलबते मसाल्याच्या शोधात जावा बेटाकडे निघाली. दक्षिणेच्या ताऱ्यांचे नकाशे नसल्याने नाविकांची अडचण होई. म्हणून ॲमस्टरडॅमचा भूगोलवेत्ता प्लान्सियस याने पीटर कायझर या सुकाणूप्रमुखास वेध घेण्याची रीत शिकवून धाडले. कायझरने काम चोख बजावले, परंतु १५९६ साली जावातील बांतेन येथे त्याला मृत्यूने गाठले. पुढील वर्षी गलबते परतली; त्याची निरीक्षणे घरी पोहोचली, तो पोहोचला नाही. त्या निरीक्षणांच्या आधारे प्लान्सियसने आपल्या खगोलावर बारा नवे समूह रेखाटले. राखेतून पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी त्यांपैकी एक होय.

त्याच सफरीतील फ्रेडरिक द हाउटमन पुढे सुमात्रातील आचेच्या सुलतानाच्या कैदेत पडला. १६०१ पर्यंतच्या त्या बंदिवासात त्याने मलय भाषेचा अभ्यास केला व तारेही पाहिले. १६०३ साली त्याने मलय व मालागासी भाषांचा कोश छापला आणि त्यास तीनशेंहून अधिक ताऱ्यांची यादी जोडली. तीतील किती वेध त्याचे आणि किती दिवंगत सहकाऱ्याचे, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. त्याच वर्षी निघालेल्या बायरच्या तारकापटात मात्र कायझरचा लॅटिन रूपात नामोल्लेख आढळतो. टिपण एकाने तयार करावे आणि त्याखाली सही दुसऱ्याची असावी, हा प्रकार दफ्तरात वावरणाऱ्या वाचकांस नवा वाटणार नाही.

पुढे १७५१ ते १७५३ या काळात लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने केप ऑफ गुड होप येथून सुमारे दहा हजार ताऱ्यांचे वेध घेतले व दक्षिणेच्या समूहांतील ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली. फिनिक्सचा अग्रतारा ‘आल्फा’ ठरला. ‘अन्का’ हे अरबी दंतकथेतील पक्ष्याचे नाव त्यास फार उशिरा चिकटले; आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने ते २०१६ साली अधिकृत केले. नाव प्राचीन भासते, पण नामकरण अर्वाचीन आहे.

आजच्या मापनानुसार अन्का आपल्यापासून सुमारे ८५ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपून तो फुगला आहे. व्यास सूर्याच्या सुमारे पंधरापट झाला आहे. पृष्ठभागाचे तापमान मात्र ४,४०० केल्विनच्या आसपास, म्हणजे सूर्याहून बरेच कमी. त्याच्या नारिंगी रंगाचे कारण हेच. शिवाय त्याला एक मंद सोबती आहे, आणि ही जोडी सुमारे साडेदहा वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करते. तो सोबती डोळ्यांस दिसत नाही. अन्काच्या वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकतात, यावरूनच त्याचे अस्तित्व कळले.

कायझरचेही तसेच आहे. बांतेनला गेलेला तो सुकाणूप्रमुख आज कोणाच्या नजरेस पडत नाही. परंतु दक्षिणेच्या नकाशावरील रेषा नीट पाहिल्या, तर त्या कोणाच्या हाताने हलल्या हे उमगते.